आजोबांच्या भरवशावर

मी एकतीस वर्षं बसचा कंडक्टर होतो. साठ माणसांच्या गर्दीत कोण तिकीट चुकवून उभा आहे, हे मला नुसत्या त्याच्या मानेवरून कळायचं. ही फुशारकी मी पुष्कळांपुढे मारली आहे, आणि सूनबाईपुढे तर इतक्या वेळा, की माझं वाक्य ती माझ्याआधी पुरं करायची.

बायको गेल्यावर मी मुलाकडे राहायला आलो. मुलगा वायरमन, सकाळी पिशवी खांद्याला लावून निघाला की दिवेलागणीला परत. घरात सूनबाई आणि नात. नात आठ वर्षांची. तिला बोलता येत नाही, धोका कळत नाही, आणि दार उघडं दिसलं की ती चालू लागते. कुठे, ते तिलाही ठाऊक नसतं. खूश झाली की हात पसरून स्वतःभोवती गरगर फिरते, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. तिला अजून डायपर लागतो. जेवण भरवावं लागतं. दात घासणं म्हणजे रोजची एक लढाई.

सूनबाई या सगळ्याचे व्हिडिओ करायची. नखं कशी कापायची, गोळी कशात लपवून द्यायची, केस धुताना किंचाळली तर काय करायचं. अशा मुलांच्या आया कुठून कुठून बघायच्या, प्रश्न विचारायच्या. मला ते पटत नव्हतं. "घरचं असं चव्हाट्यावर मांडू नये," मी म्हणायचो.

"बाबा, भिंगरी दोन वर्षांची होती तेव्हा मला हे सांगणारं कोणी असतं, तर मी इतकी रडले नसते."

यावर मी तोंड वाकडं करून बाल्कनीत जाऊन बसायचो. तिचे नियम मात्र कडक होते. पोर रडत असताना चित्रण नाही, आंघोळीचं नाही, डायपरचं नाही. हे मी आज कबूल करतो. तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

मग एक दिवस मी त्यात सापडलो. भिंगरी दुपारी तोंडच उघडेना. सूनबाई घास हातात धरून दमली. मी सहज मागून ओरडलो, "चला, पुढे सरका, दाराशी थांबू नका! टिंग टिंग!" आणि पोरीनं माझ्याकडे बघून आ केला. सूनबाईनं घास घातला. पुन्हा टिंग टिंग, पुन्हा आ. अख्खी वाटी संपली. फोन समोर स्टँडवर चालूच होता.

तो व्हिडिओ इतका चालला, की लोकांनी माझं नावच ठेवलं, कंडक्टर आजोबा. मुलानं मला कॉमेंट कशा वाचायच्या ते शिकवलं. 'आजोबा, तुम्हाला बघितलं की दिवस चांगला जातो.' 'असे आजोबा प्रत्येक घरात हवेत.' एकतीस वर्षं लोकांनी मला सुट्ट्या पैशांवरून शिव्या दिल्या होत्या. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो, आणि कोणी चढवायच्या आधीच चढलो. रोज दाढी करू लागलो. शर्टाला इस्त्री. सूनबाई गमतीनं म्हणायची, "बाबा, आज कुठे ड्यूटी?" मी म्हणायचो, "तुझ्या चॅनेलवर."

एका रविवारी भिंगरीचं बिनसलं होतं. टिंग टिंग केलं तरी ती तोंड फिरवत होती. सूनबाईनं फोन बंद करायला हात पुढे केला, तर मीच म्हटलं, "थांब, अजून एकदा." असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी पोरीनं घास थुंकला आणि स्वतःच्या मनगटाला कडकडून चावली. सूनबाईनं तिला पोटाशी घेतलं. "पुरे, बाबा. ती काही बस नाही." मी हसलो. मला वाटलं, सूनबाईला यातलं काही कळत नाही.

नंतर एका खास शाळेतून बोलावणं आलं. पहिल्या भेटीला आई-बाप दोघांनीच यायचं होतं, पोरीला न आणता. दहाला निघून दोनपर्यंत परत. निघताना सूनबाईनं मला सगळं दोनदा सांगितलं. केळं अकराला. डायपर बाराला. दाराची वरची कडी कायम लावलेली हवी, खालची ती उघडते. नजरेआड करायची नाही. शेवटी जरा अडखळत म्हणाली, "आणि बाबा, तेवढा वेळ फोन नको."

मला राग आला. "अगं, साठ माणसांवर..."

"एकतीस वर्षं नजर ठेवलीय," ती म्हणाली आणि हसली. तिला हसू आलं, म्हणजे तिचा विश्वास बसला.

अकरापर्यंत मी खरंच डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. केळं दिलं. मग पार्सलवाला आला. मी दार उघडलं, सही केली, खोका आत घेतला, दार लोटून खालची कडी लावली. वरची राहिली. भिंगरी खिडकीशी पडद्याची किनार बोटानं हलवत उभी होती. मी खुर्चीत बसलो आणि म्हटलं, पाचच मिनिटं बघू.

एका बाईनं मला उद्देशून लिहिलं होतं, 'आजोबा, माझा मुलगाही असाच दार उघडून पळतो. तुम्ही दिवसभर भिंगरीवर लक्ष कसं ठेवता?' मी एका बोटानं उत्तर लिहायला घेतलं. 'ताई, त्यात अवघड काही नाही. आपण जागरूक असलं की...' जागरूक हा शब्द फोन मला लिहू देईना. तो दरवेळी वेगळाच काहीतरी करायचा. मी खोडायचो, पुन्हा लिहायचो. मजकूर बराच लांबला. माझ्या नोकरीतले दोन किस्सेही त्यात घातले.

दार वाजलं तेव्हा मी वैतागलो, की मधेच कोण आलं.

दारात समोरच्या रस्त्यावरची लाँड्रीवाली बाई होती. तिच्या हाताला धरून भिंगरी. पायात काही नाही, गुडघा सोललेला, आणि अंगाभोवती एक मोठी निळी चादर गुंडाळलेली.

"ही तुमचीच ना?"

मी म्हटलं, "आत्ताच तर इथे होती."

"आत्ताच?" तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. "आजोबा, माझ्या दुकानात येऊन हिला वीस मिनिटं झाली."

मग तिनं उंबऱ्यातच सगळं सांगितलं. भिंगरी रस्त्याच्या मधोमध उभी होती. ओला झालेला डायपर तिनं स्वतःच कुठेतरी काढून टाकला होता, कमरेखाली काही नव्हतं. फूटपाथवर दोन कॉलेजच्या मुली होत्या. त्यांनी तिला ओळखलं. त्यातली एक फोन धरून हसत ओरडत होती, "टिंग टिंग! टिंग टिंग!" आणि माझी नात भर रस्त्यात त्यांच्याकडे तोंड करून आ वासून उभी होती, घासाची वाट बघत. मागे पाण्याचा टँकर हॉर्न देत थांबला होता. लाँड्रीवाली हातातली इस्त्री टाकून धावली. ओढून आणताना पोर पडली, म्हणून गुडघा.

"घर कुठलं ते त्या मुलींनीच सांगितलं," ती म्हणाली. "म्हणाल्या, व्हिडिओत हे गेट दिसतं."

मी काय केलं असेल? पोरीला जवळ घेतलं नाही. आधी जिन्याकडे पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना. आणि म्हटलं, "ताई, सूनबाईला सांगू नका. तिचा जीव जाईल."

"तिचा, की तुमचा?" असं म्हणून ती वळली. जिन्यावरून म्हणाली, "चादर गिऱ्हाइकाची आहे. धुऊन आणून द्या."

मी भिंगरीला आंघोळ घातली, डायपर लावला, गुडघ्यावर पट्टी केली. ती काही घडलंच नाही अशी पडद्याशी जाऊन उभी राहिली. आणि मला बरं वाटलं. तिला बोलता येत नाही, ती कोणाला काही सांगू शकणार नाही, याचं मला बरं वाटलं. आठ वर्षं हे घर ज्या एका गोष्टीसाठी झुरतंय, तिच्या नसण्याचा मला त्या दुपारी आनंद झाला. यापुढे मी कितीही जगलो तरी हे काही माझ्या मनातून पुसलं जायचं नाही.

दोघं परत आली ती खुशीत. शाळेनं जवळजवळ होकार दिला होता. गुडघा पाहून सूनबाईनं विचारलं. मी म्हटलं, "बाथरूममध्ये घसरली." तिनं पट्टी उचलून पाहिली आणि म्हणाली, "छान बांधलीत." संध्याकाळी ती मला शेजारी घेऊन फोनसमोर बसली. "आठ वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं चार तास बाहेर होतो," ती म्हणाली. "बाहेर बसून निवांत चहा प्यायलो. कोणाच्या भरवशावर? बाबांच्या." तिचे डोळे भरून आले. मी हसलो. साठ माणसांचा विनोदही केला. भिंगरी आमच्या मागे गरगर फिरत होती.

दुसऱ्या दिवशी त्या व्हिडिओखाली एक कॉमेंट आली. 'ही मुलगी काल रस्त्यावर एकटी उघडी फिरत होती. मी घरी पोचवली. आजोबांना विचारा.' नावापुढे लाँड्रीचा फोटो होता.

सूनबाईनं फोन माझ्यापुढे धरला. "बाबा, हे काय आहे?"

"लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही," मी म्हटलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, आणि आमच्या चाहत्यांनी तर माझ्यासाठी कंबर कसली. त्या बाईला खोटारडी म्हटलं, प्रसिद्धीसाठी हपापलेली म्हटलं. कोणीतरी दुकान शोधून काढलं. ही कपडे जाळते, गिऱ्हाइकांचे कपडे चोरते, असं ज्यांनी तिच्याकडे कधी एक रुमालही टाकला नव्हता ते लिहू लागले. मी ते सगळं वाचत होतो. पहिल्या दिवशी, खोटं कशाला बोलू, मला थोडा आधारही वाटला.

तिसऱ्या दिवशी मी चादर घेऊन गेलो. दुकानात ती एकटी होती. टेबलावर शर्ट पसरलेला, हात चालूच. तिनं मान वर केली नाही.

"ठेवा तिकडे."

"ताई..."

"सकाळी दोघं जण येऊन दारात ओरडून गेले. लेकरांच्या नावानं खोटं बोलते म्हणे मी." तिनं शर्टाची बाही उलटली. "मी लिहिणार नव्हते. पण तुम्ही तिथे हसत बसला होतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी न मागताच चादर ठेवली. मी तिथून घरी आलो आणि बूट न काढताच स्वयंपाकघरात गेलो. सूनबाई भांडी घासत होती. मी सगळं सांगितलं. वरची कडी, फोन, ती लांबलेली कॉमेंट, रस्ता, टँकर, त्या मुली. भिंगरीला बोलता येत नाही याचं बरं वाटलं, तेही सांगितलं. ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं, पण एकदा बांध फुटला होता.

तिनं नळ बंद केला. ओट्याला धरून उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "आ करून उभी होती?"

"हो."

"ते मीच दाखवलं जगाला," ती म्हणाली आणि खाली फरशीवर बसली.

मी म्हटलं, "तू नाही, मी. आपण एक व्हिडिओ करू. मी सगळं कबूल करतो. त्या ताईची हात जोडून माफी मागतो."

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "नाही, बाबा. तुम्ही रडाल, लोक तुम्हाला पुन्हा डोक्यावर घेतील. म्हणतील, किती मोठं मन. तुम्हाला माफी मागायचीय, की परत फोनसमोर बसायचंय?"

घरी येताना वाटेतच मी पहिलं वाक्य जुळवलं होतं. पांढरा शर्ट घालायचा हेही ठरवलं होतं.

तिनं त्याच दुपारी भिंगरीचे सगळे व्हिडिओ काढून टाकले आणि चार ओळी लिहिल्या, की ती बाई खरं बोलत होती, आमच्या घरातून चूक झाली, तिची माफी मागतो. मग मला बरोबर घेऊन लाँड्रीत गेली. तिथे दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत मी बोललो. बाईनं ऐकून घेतलं. सूनबाईला म्हणाली, "पोरीचा गुडघा बरा आहे का?"

मुलगा महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. सूनबाई आता अधूनमधून व्हिडिओ करते, पण त्यात फक्त तिचे हात दिसतात आणि एक बाहुली. बघणारे बरेच कमी झाले. आया मात्र राहिल्या. भिंगरी शाळेत जाते. दुपारी सांभाळायला एक ताई ठेवली आहे. पहिल्या दिवशी सूनबाईनं तिला घर दाखवलं, औषधं दाखवली आणि माझ्यासमोर सांगितलं, "बाबांजवळ हिला एकटं सोडायचं नाही." आवाज खाली आणला नाही, की मुद्दाम चढवलाही नाही. मी मान डोलावली.

सूनबाई कामाला बाहेर गेल्यावर ती ताई ओशाळून म्हणाली, "आजोबा, वाईट वाटून घेऊ नका हं. आजारी असता का तुम्ही?"

हो म्हणणं किती सोपं होतं. वयाला काहीही शोभतं.

"नाही," मी म्हटलं. "मी धडधाकट आहे. बसा, सांगतो." आणि पार्सलवाल्यापासून सांगायला सुरुवात केली.