सुया मोजणारा

माझ्या नवऱ्याला सगळे कानसेन म्हणायचे आणि तो ते मान डोलवून ऐकून घ्यायचा. कौतुक असलं की त्याला लगेच ऐकू यायचं. बाकी मी स्वयंपाकघरातून घसा फोडून हाका मारल्या तरी साहेबांची मान पेपरातून वर यायची नाही. मला वाटायचं, नवऱ्यांचे कान असेच असतात. माझ्या बहिणीच्या घरीही तीच तऱ्हा होती. त्यामुळे मी त्यावर कधी डोकं चालवलं नाही.

आमचं घर पाणथळीच्या बांधावर, पंपघराला लागून. उन्हाळ्यात पाणथळ आटू नये म्हणून पंपानं नदीचं पाणी आत सोडायचं, ही त्याची नोकरी. पंप जुना, लोखंडी, आणि असा गरजायचा की आमच्या मांडणीवरची भांडी थरथरायची. त्याच्या शेजारी हा दिवसभर उघड्या कानांनी बसायचा. कानांवर लावायची जाड टोपणं नोकरीबरोबरच मिळाली होती. ती खिळ्याला लटकून धूळ खात होती. टोपणांनी माझे कान बिघडतील, म्हणायचा.

कानांना एवढं जपायचं कारण त्याचं मानाचं काम वेगळंच होतं. आमच्या लव्हाळ्यात अंगठ्याएवढा एक तपकिरी पक्षी राहतो. तो दिसत जवळजवळ नाहीच, नुसता ऐकू येतो, आणि तोही इतका बारीक की सगळे त्याला सुई म्हणतात. विणीच्या दिवसांत पहाटे बांधावरून चालायचं, ऐकून ऐकून सुया मोजायच्या आणि आकडा वन्यजीव खात्याला कळवायचा. लग्नाआधीपासून हे काम त्याच्याकडे होतं. दुसरं कोणी त्या चिखलात पाय घालायला तयारच नव्हतं.

सुरुवातीला तो चाळीस-पन्नास सांगायचा. मग वीस-पंचवीस. मग आकडा दहाच्या आत आला. पक्षी कमी होत गेले तसा हा मोठा होत गेला. पेपरात फोटो छापून आला, खाली लिहिलं होतं, शेवटच्या सुयांचा राखणदार. गावोगावच्या सभांना बोलावणी येऊ लागली. तिथं हा माईकसमोर डोळे पुसत सांगायचा की एक दिवस मी पहाटे बांधावर जाईन आणि मला काहीच ऐकू येणार नाही. पुढच्या रांगेतल्या बायका मुसमुसायच्या. मी तेव्हा घरी शिवणयंत्रावर चादर टाकून बसलेली असायचे, कारण विणीच्या दिवसांत याच्या कानांना विश्रांती लागायची. शाळेनं शिवायला दिलेल्या गणवेशांचे कापलेले तुकडे ढिगानं पडून राहायचे आणि शाळेचा शिपाई रोज येऊन तोंड वाकडं करून जायचा.

आमच्या मुलीला यानं थापाडी नाव ठेवलं, त्याचीही गोष्ट सुयांचीच. सहा-सात वर्षांची असताना तिनं फार हट्ट केला म्हणून याने तिला पहाटे बरोबर नेलं. खात्याचे दोन साहेब आले होते, दोघेही निवृत्तीला टेकलेले. पोरगी बांधावर उड्या मारत सांगायला लागली, बाबा, तिकडे सुई, इकडे पण, ती बघा आणखी एक. याने कान टवकारले, साहेबांनी टवकारले. कोणालाच काही ऐकू आलं नाही. तिनं तरी बोट दाखवायचं सोडलं नाही, तेव्हा याने साहेबांसमोर तिच्या कानशिलात लगावली. पक्ष्यांच्या बाबतीत खोटं बोलणारी माझ्या घरात नको, म्हणाला.

तेव्हापासून ती थापाडी. पाहुणे आले की, थापाडे, पाणी आण. शाळेच्या फाटकात सगळ्यांदेखत, थापाडे, आज खरंच शाळा आहे ना. लोक हसायचे, मीही हसायचे. नाव चांगलं चिकटलं होतं. पोरगी मात्र हळूहळू बोलायचीच बंद झाली. एकदा मला हळूच विचारलं, आई, मला खोटं खोटं ऐकू येतं का गं? मी म्हटलं, अभ्यास कर. पुढे पुढे ती पहाटे उशी डोक्यावर दाबून झोपायची. स्वतःच्या कानांवरचा तिचा विश्वासच उडाला होता.

नववीत त्यांना ध्वनीचा धडा लागला. विज्ञानाच्या सरांनी वर्गात वेगवेगळे सूर वाजवून दाखवले, जाड, बारीक, आणखी बारीक. मग सांगितलं की कानाच्या आत शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात अगदी बारीक केस असतात. वय झालं की, किंवा यंत्राच्या गोंगाटात वर्षानुवर्षं बसलं की, ते केस आडवे पडतात. आधी जातात ते बारीक आवाजाचे. एकदा आडवा पडलेला केस पुन्हा उभा राहत नाही. आणि ज्याचे जातात त्याचा त्याला पत्ताही लागत नाही, कारण जे ऐकूच येत नाही ते गेलंय हे त्याला कळणार कसं?

त्या दिवशी ती शाळेतून आली ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून मोबाइल घेऊन बसली. तिचा बाप अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होता. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि सरांनी दाखवलेले सूर वाजवायला लागली. पहिल्याला तो वळून म्हणाला, काय कटकट आहे. पुढच्या सुराला त्यानं नुसती मान हलवली. त्यापुढचा सूर माझ्या दाढेत गेला आणि त्यानं शांतपणे पान उलटलं. तिनं मोबाइल त्याच्या कानाला लागेल इतका जवळ नेला. त्यानं नाक खाजवलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर बापाबद्दल कीव असेल असं कोणाला वाटेल, पण तसं काही नव्हतं. चोरीला गेलेली वस्तू शेजाऱ्याच्या घरात दिसावी, तसा तिचा चेहरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिनं पंपघरामागच्या लव्हाळ्यातला आवाज मोबाइलवर घेतला आणि मला ऐकवला. तो मी रोज ऐकत होते. पहाटे दोरीवर कपडे वाळत घालताना लव्हाळ्यातून येणारी ती बारीक किरकिर मला किड्यांची वाटायची, आणि किड्यांबद्दल नवऱ्याला काय सांगायचं? मुलगी म्हणाली, आई, ही सुई आहे. मी विचारलं, किती असतील? ती म्हणाली, मोजत बसलीस तर तुझे गणवेश राहतील.

शाळेत विज्ञान प्रदर्शन भरणार होतं. ध्वनी, आरोग्य आणि वन्यजीव असा विषय तिनं स्वतःच नोंदवला. पाहुणे म्हणून खात्याच्या नवीन मोठ्या बाई येणार होत्या आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कानसेन. आदल्या संध्याकाळी मी तिच्या गणवेशाला इस्त्री करत होते. ती दारात उभी राहून म्हणाली,

"आई, बाबांना आधी घरातच सांगू का?"

काय होणार ते मला दिसत होतं. सुया गेल्या की याच्यापाशी काय उरतं? एक पंप. पेपरातला फोटो गेला, सभा गेल्या, बांधावरचा रुबाब गेला. मी इस्त्री उभी करून ठेवली.

"घरात सांगितलेलं त्यांना ऐकू येत नाही," मी म्हटलं.

सभागृह गच्च भरलं होतं. पोरगी टेबलामागे उभी, शेजारी स्पीकर, मागे कानाचं मोठं चित्र. तिनं सगळ्यांना सांगितलं, आवाज ऐकू येतोय तोवर हात वर ठेवा, थांबला की खाली घ्या. सूर चढत गेले. आधी आजोबांचे हात खाली आले, मग मुख्याध्यापकांचा, मग त्याचा. तो हसत माईकमध्ये म्हणाला की हे पोरांचे खेळ आहेत, माझे कान पक्ष्यांसाठी राखून ठेवलेत. टाळ्या पडल्या. पोरीनंही वाजवल्या.

मग ती म्हणाली, आता शेवटचा आवाज, आपल्याच पाणथळीतला. आणि तिनं तो लावला.

पोरांचे हात एकदम वर गेले. माझाही गेला. सगळ्या सभागृहात सुया घुसल्या, एकीवर एक, इतक्या की पहिल्या रांगेतल्या एका चिमुरड्यानं कान झाकून घेतले. मोठ्या बाईंनी हात वर केला आणि तसाच धरून ठेवला, मग सावकाश मान वळवून शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तो पुढे झुकून बसला होता, चेहऱ्यावर तेच सभेतलं हसू. थोडा वेळ वाट पाहून त्यानं माईक तोंडाजवळ घेतला.

"लाव ना बाळ आता. सगळे खोळंबलेत."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग बरेच जण हसले.

"वाजतंय, बाबा," ती म्हणाली. "या सुयाच आहेत. मॅडम, तुम्ही मोजा."

त्यानं सगळीकडे वर असलेले हात पाहिले. बाईंचा हात पाहिला. माझाही पाहिला असणार, मी दुसऱ्याच रांगेत होते. स्पीकरमधून ते पक्षी किंचाळत होते आणि तो माईकमध्ये सगळ्यांना सांगत होता,

"खोटं बोलतेय ती. लहानपणापासून सवय आहे तिला."

कोणी त्याला गप्प बसवलं नाही. सर खाली मान घालून वायरशी खेळत राहिले. पोरीनं आवाज बंद केला नाही, उलट थोडा वाढवला.

तिला पहिलं बक्षीस मिळालं. खात्यानं चार तरुण मुलं पाठवली आणि पाणथळीत कोणी स्वप्नातही पाहिल्या नव्हत्या एवढ्या सुया निघाल्या. मोठ्या बाई घरी आल्या, चहा प्यायल्या आणि फार गोड आवाजात त्याला म्हणाल्या की मोजणी आता ही मुलं बघतील, तुम्ही पंप सांभाळा, पंपाला कान लागत नाहीत. रस्त्यात लोक त्याला थांबवायचे आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे. तो काय, काय करत पुढे वाकायचा. मग ते पोट धरून हसायचे. ज्यांनी त्याच्या सभांना टाळ्या वाजवल्या तेच हे लोक.

घरात तो बोलेनासा झाला. मी मशीन चालवायला लागले, दिवसभर, दणक्यात. त्यानं चुकूनही पोरीला सॉरी म्हटलं नाही. ती ताटावर समोर बसून त्याच्याकडे टक लावून पाहायची, वाट पाहत असल्यासारखी. तो उठून जायचा.

आणि एका पहाटे तो तिच्या अंथरुणाशी जाऊन उभा राहिला. चल, म्हणाला, दाखव मला. ती उठली. मीही चपला घालून मागे निघाले.

बांधावर पोहोचल्यावर त्यानं तिला पुढे उभं केलं. "वाजली की बोट दाखव," म्हणाला. "तू दाखवशील ती मी मोजणीत धरीन."

पंपाचं पाणी आत येतं त्या दाराजवळ एक सुई वाजली, मी पण ऐकली. तिचं बोट नेमकं तिकडे गेलं. पलीकडच्या काठाला दोन वाजल्या, बोट तिकडे. तो बोटाच्या रेषेत डोळे ताणून पाहायचा, मान हलवायचा आणि ओठांत आकडा म्हणायचा. त्याला अर्थातच काही दिसत नव्हतं. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि या वेळी ते सभेतलं नव्हतं. मला वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत त्याच्याबद्दल मला पहिल्यांदाच वाईट वाटलं, हे खरं आहे.

मग ऊन लव्हाळ्याच्या वर आलं. ऊन वर आलं की सुया गप्प होतात. हे आम्हाला त्यानंच शिकवलं होतं, शेकडो सभांमधून त्यानं हेच सांगितलं होतं. एकेक करून त्या थांबल्या आणि पाणथळ अगदी शांत झाली. मी वळणार, तेवढ्यात पोरीनं पुन्हा बोट वर केलं. डावीकडे.

मी कान दिला. काही नव्हतं.

तो डावीकडे वळला, मान हलवली, आकडा म्हणाला. बोट उजवीकडे गेलं, तोही गेला. बोट मागे आलं, तो चिखलात पाय घसरत गर्रकन फिरला. तिनं उघड्या पाण्याकडे बोट दाखवलं, जिथं लव्हाळ्याची एक काडी नव्हती. त्यानं तीही धरली.

"इतक्या?" त्यानं विचारलं.

"इतक्या," ती म्हणाली.

बापाच्या खांद्यावरून तिनं माझ्याकडे पाहिलं. पापणीसुद्धा लवली नाही. मी नुसतं नाही म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तो हाताच्या अंतरावर होता, आणि माझा आवाज जाड आहे, तो त्याला अजून येतो.

"आणखी?"

तिनं बोट उचललं आणि माझ्या डोक्यावरून आमच्या घराच्या छपराकडे रोखलं. तो तिकडे वळला आणि डोळे बारीक करून पाहू लागला. मी त्याच्या समोर येत होते, म्हणून जरा बाजूला सरकले.