धुतलेली चाळणी

मी चाळणी बोलतेय. अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइन शहरात, दरीच्या कडेला असलेल्या एका गल्लीत, हूरियाच्या स्वयंपाकघरात मी खिळ्याला टांगलेली असते.

एका म्हाताऱ्या कारागिराने माझी लाकडी कड वाकवली आणि तीत बारीक तारेची जाळी ताणून बसवली. हूरियाच्या आईने मला उजेडाकडे धरून नीट पारखलं आणि लेकीच्या लग्नात दिलं. पुढच्याच वर्षी ती वारली. तिच्या हातची वस्तू म्हणून या घरात मी एकटीच उरले.

वीस वर्षं माझ्यातून गहूच गेला. रोजच्या रोटीचा रवा, ईदच्या बिस्किटांचा मैदा, शुक्रवारच्या कुसकुसचे वाफवायचे रव्याचे दाणे. हूरियाच्या हाताला अशी चव, की गल्लीत लग्न निघालं की आधी तिलाच बोलावणं यायचं. मीही तिच्या काखेत बसून मिरवत जायची.

तिची धाकटी लेक अनफाल नऊ वर्षांची झाली तरी सहाची वाटायची. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. खूप तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिला गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही. गहू आणि जव कणभरसुद्धा द्यायचा नाही, जन्मभर. हूरिया घरी आली आणि बुरखाही न काढता रव्याच्या पोत्यासमोर बसून राहिली.

मग पाककृतींचा शोध सुरू झाला. शेजारची मुनीरा फोनवरचे व्हिडिओ पाठवायची. एकीने मक्याचं पीठ घ्यायला सांगितलं, तो पाव दगडासारखा झाला. दुसरीने तांदळाचं सांगितलं, तो कापताना भुगा. एका बाईने छान फुगलेला पाव दाखवला. खाली शंभर बायकांनी लिहिलं होतं की आमचा असा झालाच नाही. जिच्या रोटीला गल्ली नावाजायची, ती हूरिया रोज एक पाव बकरीला घालत होती. अनफाल नुसते बटाटे खायची.

खरी कृती दवाखान्याच्या रांगेत मिळाली. यमना नावाच्या बाईचा मुलगाही याच दुखण्याचा. तिने औषधाच्या कागदामागे लिहून दिलं: तांदळाचं पीठ, मक्याचा स्टार्च, भिजवलेलं इसबगोल, अंडी, यीस्ट. मळायचं नाही, चमच्याने फेटायचं. पिठं दोनदा चाळायची. आणि बजावलं की भांडी, चमचा, चाळणी, सगळं नवं घे.

हूरियाने पातेलं, चमचा, साचा नवा आणला. चाळणीपाशी मात्र तिचा हात अडला. ती नवऱ्याला, तैय्यबला म्हणाली, "ही आईची आहे. हिला काय झालंय? उकळत्या पाण्याने धुते." तिने मला तीनदा धुतलं, उन्हात वाळवलं.

पण वीस वर्षांचा गहू माझ्या कडेच्या फटीत, तारांच्या गाठींत घट्ट बसला होता. पांढरंशुभ्र तांदळाचं पीठ माझ्यातून गेलं आणि प्रत्येक हिसक्याला माझ्यातलं थोडं त्यात पडलं.

पाव सुरेख फुगला. अनफालने चार तुकडे खाल्ले, ऑलिव्हच्या तेलात बुडवून, बोटं चाटत. हूरिया पाठ फिरवून रडली. मीही, खोटं कशाला सांगू, अभिमानाने फुलले होते.

आठवड्यात पोरीचं पोट पुन्हा फुगलं. रात्रंदिवस कळा, शाळा बुडाली. हूरियाने आणखी दोनदा तोच पाव केला, मला आणखी घासून. तिसऱ्यांदा अनफाल न्हाणीघरात कोसळली, तेव्हा हूरियाने तो कागद फाडून चुलीत टाकला. यमनाचा फोन आला तर घेतला नाही. तिचं ठाम मत झालं, की बाईने फसवलं. सगळ्याच फसवतात.

मुनीराने एकदा विचारलं, "चाळणी बदललीस का गं?" हूरिया तिच्याशी महिनाभर बोलली नाही.

एका दुपारी अनफालने सगळ्यांसाठी ठेवलेल्या ताटातली गव्हाची रोटी उचलली. तैय्यबने हात धरला. पोर शांतपणे म्हणाली, "बाबा, दोन्हींनी दुखतंच. मग जी चांगली लागते ती खाते." त्याने हात सोडला.

आता कुणी तिला अडवत नाही. ती बारा वर्षांची आहे. उंची तेवढीच, केस मूठमूठ गळतात. डॉक्टरीणबाई रागावतात म्हणून तिला तिकडे नेणंही बंद झालंय.

तुमच्या घरी असं लेकरू असेल, तर पाककृतीला खोटं ठरवण्याआधी माझ्यासारखीला फेकून द्या. कुणीही दिलेली असो. मला वाईट वाटणार नाही.

काल हूरियाने अनफालला माझी कड कशी धरायची ते शिकवलं. "मुलीच्या जातीला रवा चाळता यायला हवा," म्हणाली. पोरीने मला दोन्ही हातांत घेतलं आणि हळूहळू हलवायला लागली. तिच्या तोंडाभोवती गव्हाची बारीक धूळ उडत होती, आणि आई शेजारी बसून सांगत होती, "छान जमतंय."