ओझ्याच्या दगडाला डोळे

मी टाकी बोलतेय. पाण्याची नव्हे बरं का, दगड घडवायची. वीतभर पोलाद, हातोडा खाऊन खाऊन डोकं चेपलेलं. सारा जन्म दगडाशी बोलण्यात गेला, त्यामुळे जिभेला धार आहे; राग मानू नका.

माझा पहिला धनी गोविंदा. गावोगाव फिरून पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायचा. घरोघरी मिक्सर आले अन् आमचं दोघांचं काम आटलं. त्याच्यामागे त्याच्या लेकीनं, संजीवनीनं, मला उचललं. ती नागपुरात शिल्पकला शिकलेली, राहते बुलढाण्यात. तिची तऱ्हा जगावेगळी. जिथे शिल्प उभं करायचं तिथे आधी आठ-आठ दिवस नुसती बसून राहायची. तिथली माणसं काय करतात ते बघायची, मग दगड निवडायची.

लोकांना ते कुठलं पटायला! सोनाळ्यात तिनं पाखरांच्या पाण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांचा दगड कोरला, तर एक गुरुजी म्हणाले, "पुतळा काऊन नाही केला बाई? यात माणूस कुठं आहे?" बुलढाण्यात तिनं घडवलेल्या दगडाला लोक वाढदिवसाचे बॅनर बांधतात. पंधरा वर्षांत एकाही गावानं 'हे आमचं' म्हटलं नाही. ती हसण्यावारी न्यायची, पण तिच्या मुठीत मी असायचे, मला कळायचं.

मग धामणगाव बढ्याच्या रस्त्यावरचा एक फाटा शिल्पासाठी मिळाला. तिथे कौशल्याबाई रोज भाजीचं टोपलं घेऊन बसची वाट बघायची. टोपलं खाली ठेवलं की म्हातारीला ते एकटीनं डोक्यावर चढवता येत नसे. "हात लावजो वं जरा," म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याची विनवणी. संजीवनीनं तेच धरलं. काळ्या दगडाचा छातीएवढा खांब, माथ्यावर टोपलं बसेल असा खळगा. ओझं टेकवायचं, दम खायचा, बस आली की डोकं खाली घालून आपलं आपण उचलायचं.

दगड तिथेच घडवला आणि तिथेच चूक झाली. गोविंदाच्या घरची रीत अशी की पहिल्या घावाआधी दगडापुढे नारळ फोडायचा, त्याला कुंकू लावायचं. माझ्याही कपाळी बोट टेकतं. आजवर हे घरच्या अंगणात व्हायचं. या वेळी साऱ्या फाट्यानं पाहिलं.

दोन महिने कौशल्याबाईचं सुख बघावं! "माह्या माहेरचा माणूस आहे हा," म्हणायची दगडाला. मग कोणीतरी शेंदूर फासला. उदबत्त्या आल्या. खळग्यात तेल साचलं.

आठ महिन्यांनी गावातले वजनदार गृहस्थ भगवंतराव आम्हाला मानानं फाट्यावर घेऊन गेले. शाल दिली, श्रीफळ दिलं.

"ताई, देव तं तुम्हीच आणला. आता डोळे कोरून द्या. वर शेड टाकून राह्यलो आम्ही. पाटीवर तुमचं नाव राहीन. देव आमचा, नाव तुमचं."

'आमचा' म्हणाले. संजीवनीनं मला पिशवीतून काढून मुठीत धरलं. खोटं कशाला बोलू, मलाही मोह झाला. इतके महिने पिशवीत गंजत पडले होते. म्हटलं, कोर गं बाई, दोन डोळ्यांनी काय बिघडतं?

तेवढ्यात कौशल्याबाई आली. डोक्यावर टोपलं, मान थरथरत होती.

"मावशी, टेकवा ना दगडावर."

"अवं, देवाच्या डोक्यावर ओझं ठेवू काय? पाप लागन मले." एका हातानं टोपलं सावरून दुसऱ्या हातानं ती दगडाला नमस्कार करू लागली.

संजीवनीनं मला पिशवीत टाकलं. म्हातारीचं टोपलं उतरवलं, बस येईपर्यंत तिच्याजवळ बसली, मग हात लावून चढवून दिलं. भगवंतरावांना म्हणाली, "मी डोळे नाही कोरणार."

"मंग दुसरा इलाज आहे आमच्यापाशी," ते म्हणाले. बाजारातून चांदीचे डोळे आणले अन् चिकटवले. झालं!

तेव्हापासून मी पिशवीतच, खुंटीवर आहे. संजीवनी कुठे जाऊन बसत नाही, कुठला दगडही बघत नाही. रोज येता-जाता पिशवी चाचपते फक्त. मला फार वाईट वाटतं हो.

तुम्ही कधी त्या फाट्यावर उतरलात तर नमस्कार मागाहून करा. आधी हातातली पिशवी दगडाच्या डोक्यावर ठेवा. कोणी ओरडलं तर खुशाल सांगा, टाकीनं सांगितलंय. आणि कौशल्याबाई बघत असेल, तर पिशवी लगेच उचलू नका. तुम्हाला काही होत नाही, हे तिला दिसू द्या.