एका नावावरची बंदूक

तांब्याची तार अजून तशीच होती, बंदुकीच्या फुटक्या दस्त्याला घट्ट गुंडाळलेली, शेवटचं टोक आत दाबलेलं. तिच्याखाली लाखेची मोहोर लोंबत होती, आणि कलेक्टर कचेरीतले कारकून दिनकरराव साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून त्या तारेकडेच बघत होते. दत्तरावकाकांनी ती आपल्यासमोर गुंडाळली... अंगणात, तोंडात विडी धरून, आणि त्यांचा मुलगा सूर्यभान आणि आपण दोन बाजूंनी दस्ता दाबून बसलेलो. ‘‘हालू नका रे, माकडांनो!’’ काका जाऊन किती वर्षं झाली, तरी ते आठवून हात आपोआप स्थिर झाले.

‘‘नोंदवहीत काय आहे ते वाचा,’’ सरकारी वकील म्हणाले.

काय आहे म्हणजे! निजामाच्या राज्यात उर्दूत झालेली नोंद आपणच मराठीत उतरवली, काका गेल्यावर वारस म्हणून सूर्यभानचं नाव आपणच घातलं, कौतुकानं, सुबक अक्षरात. ठासणीची बंदूक, पिकाच्या राखणीसाठी, परवानेदार एक. त्या एका नावावर आज खुनाचा खटला उभा आहे. ज्वारीच्या राखणीला कुणीतरी रानडुक्कर समजून बार काढला आणि शेजारच्या गावचा गडी जिवानिशी गेला; बंदूक बांधावर सापडली, माणूस सापडला नाही. गाव म्हणतं, बंदूक सूर्यभानची. सूर्यभान म्हणतो, त्या दिवशी ती माझ्याकडं नव्हती, कोण घेऊन गेलं ते मला ठावं न्हाई.

खोटं नाही ते. काकांच्या ओसरीवरच्या खुंटीला ती असायची, आणि हुरड्याच्या दिवसांत ज्याची पाळी असेल तो न विचारता घेऊन जायचा. विचारलं तर काका चिडायचे, ‘‘इच्यारतो काय परक्यावानी!’’ खंडेनवमीला ती पाटावर मांडली, की ज्या ज्या घरच्या रानात ती राखणीला गेली त्या घरची बाई झेंडूचं एक फूल आणून तारेत खोवायची. आधी बायनाबाई, सूर्यभानची आई. मग आपली आई. मग सगळी आळी... दुपारपर्यंत बंदूक दिसायचीच नाही, नुसती फुलं. छे, काय दिवस होते! आगटीचा धूर, कणसं चोळून काळे झालेले तळवे, बार उडाला की सूर्यभानचं ते खदाखदा हसणं. एवढी सगळी घरं लिहायला वहीत जागाच नव्हती.

सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात सूर्यभान दिसला. हातात बेडी, तरी हसत. ‘‘दिन्या, लय दिसांनी रे! तू हायस म्हणल्यावर मला कशाचं भ्याव?’’ दिनकरराव चष्मा पुसू लागले. आपला भाऊ सिताराम आत्ता मागच्या बाकावर गावकऱ्यांत बसला होता, मान खाली घालून. त्या दिवशी पाळी कुणाची होती, हे आपण त्याला अजून विचारलेलं नाही. विचारवत नाही.

‘‘दिनकरराव, वाचताय ना?’’

त्यांनी वाचलं. नंबर जुळला, नाव जुळलं. वकिलांनी समाधानानं मान डोलावली. आरोपीच्या पिंजऱ्यात सूर्यभाननंही डोलावली, शाळेत आपला पाढा बरोबर आला की डोलवायचा तशी.

‘‘आणखी काही सांगायचंय?’’ जज्जसाहेबांनी विचारलं. खाली बघत, सवयीनं.

तारेच्या वेढ्यात एक वाळकं देठ अडकलं होतं. फूल कधीच गळून गेलेलं. पंचनाम्यात कुणी लिहिलं नसणार. यंदाच्या खंडेनवमीचं... कुणाच्या घरचं? आई तर राहिली नाही. सितारामची बायको कुसुम असेल. असेलच, तीही न चुकता फूल घेऊन जायची.

‘नाही, साहेब’ हे शब्द तोंडात तयार होते, कचेरीत दिवसभर वापरायचे. पण ते बाहेर पडेनात. बंदूक पाळीनं फिरायची असं सांगायचं, तर पहिलं नाव सितारामचंच निघेल की काय. मागं सिताराम खोकला. सूर्यभान अजून हसऱ्या डोळ्यांनी इकडेच बघत होता... आणि दिनकररावांना नको तितकं स्पष्ट आठवत होतं, दस्त्याची कुठली बाजू काकांनी आपल्याला धरायला दिली होती ते.