सतराव्या मिनिटाला

गेस्टाल्ट या मानसोपचार पद्धतीच्या थेरपिस्टचं प्रमाणपत्र आमच्या संस्थेत उचलून कुणालाही देत नाहीत. चार वर्षं प्रशिक्षण, स्वतः रुग्णाच्या जागी बसून घेतलेली थेरपी, आणि शेवटी एका खऱ्या सत्राचं चित्रीकरण. परीक्षक मी. भीडभाड ठेवत नाही, म्हणून विद्यार्थी पाठीमागे मला कात्री म्हणतात. मला ते आवडतं.

या वेळी परीक्षेला बसलेली मुलगी माझ्याच हाताखाली तयार झालेली. सोमवारी तिला एका रुग्णालयात रुजू व्हायचं होतं, पण प्रमाणपत्र हातात असेल तरच.

चित्रीकरणात एक सुतार होता. त्याचा धाकटा भाऊ वारला होता. तिने समोर रिकामी खुर्ची ठेवली आणि भाऊ तिथे बसलाय असं समजून बोलायला सांगितलं. पद्धत बिनचूक. सतराव्या मिनिटाला सुतार गप्प झाला. त्याने गुडघे घट्ट धरले, श्वास अडकला. खुर्चीवरची नजर न काढता ती म्हणाली, "हं. सांगा त्याला." तो सांगत गेला, पण पाठ केल्यासारखं.

समोरच्याच्या अंगात आत्ता, या खोलीत काय होतंय ते बघायचं, एवढ्यातच आमच्या थेरपीचा जीव. तिने बघितलंच नव्हतं. मी पेन उचललं आणि थबकले. ते 'हं' माझं होतं. मान कलती करणं माझं, खुर्चीकडे बघत राहणंही माझंच. नवरा कितीदा म्हणाला होता की तू हं म्हणालीस की समजावं, बाईसाहेबांचं लक्ष नाही. मी हसण्यावारी नेलं. परीक्षकाचं सत्र बघायला कोण येतंय?

लाज वाटली, भयंकर. पास करून टाकावं असंही वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण तो सुतार डोळ्यांसमोरून हलेना. सकाळी तिला बोलावून नापास केल्याचं सांगितलं. कुठे चुकलं, तिने विचारलं. मी तो तुकडा दाखवला आणि हे तू माझ्याकडून उचललंस, हेही सांगून टाकलं.

तिने तो तुकडा मागे नेऊन पुन्हा एकदा बघितला. नोकरीबद्दल एक अक्षर बोलली नाही.

"मी पुन्हा परीक्षा देईन," ती म्हणाली. "पण इतकी वर्षं तुमच्याकडे जे येतायत, त्यांचं काय, मॅडम?"

मी दाराकडे बघितलं. बाहेर बाकावर माझ्याकडे दहा वाजता थेरपीला येणारी बाई येऊन बसली होती. सहा वर्षं ती न चुकता येत होती, आणि त्याला मी माझं यश समजत होते.