न शोधता सापडलेली बरणी

एक होता रंगारी, एक होती त्याची बायको आणि एक होती त्याची आई. तिघं दोन खोल्यांत राहायची, आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर राहायचे मी. मी बरणी बोलतेय. गोड बोलेन अशी आशा धरू नका. इतकी वर्षं पोटात साखर बाळगली म्हणून काही तोंड गोड होत नाही.

माझा जन्म साच्यातला. अंग जाड, तोंड रुंद, झाकण लाल, झाकणाच्या आत रबराची चकती. एकदा फिरवून बसवलं की मुंगीची काय बिशाद आत शिरायची! रंगाऱ्याच्या आईनं मला दुकानात उलटी करून पाहिलं, सुलटी करून पाहिलं, नखानं वाजवलं, दुकानदाराशी हुज्जत घातली आणि मगच घरी आणलं. म्हातारीच्या हाताला स्वच्छतेचं वेड. आठवड्याला मला घासणार, पुसणार, उन्हात ठेवणार. माझं बरं चाललं होतं.

मग रंगारी पडला. एका जिन्यात रंग देताना शिडी सरकली आणि हा थेट खाली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, कुबड्या आल्या, कुबड्या जाऊन काठी आली. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, "माझं काम झालं, आता तुमचं. रोज चाला, जरा जरा वाढवत न्या. नाहीतर पाय असाच आखडून राहील आणि शिडी कायमची विसरा."

रंगारी "हो" म्हणाला आणि घरी येऊन पलंगावर आडवा झाला. झाला तो झालाच.

"अहो, चौकापर्यंत तरी जाऊन या," बायको म्हणायची.

"चौकात काय ठेवलंय माझं?"

"ऊठ रे मेल्या, पाठ चिकटेल पलंगाला," आई म्हणायची.

"चिकटू दे. सोडवायला तू आहेसच."

फळीवर बसून ऐकताना माझ्या अंगाची लाही व्हायची. बायको दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभी, म्हातारी पलीकडच्या इमारतीत कुणाचं तान्हं मूल सांभाळतेय, आणि हा धडधाकट माणूस छताकडे बघत पडलेला! छताला तरी काय बघायचंय, रंग यानंच दिलेला.

एक दिवस चष्म्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं. चष्म्याची काडी वाकलेली, विजारीला गुडघ्यापर्यंत कुसळं.

"काका, पडलात की काय कुठं?" बायकोनं विचारलं.

"छे गं, डबा शोधत होतो."

काडी सरळ होईपर्यंत काकांनी तिला सगळं सांगितलं. त्या छंदाला जिओकॅशिंग म्हणतात. जगभर लोकांनी डबे, डब्या लपवून ठेवल्यात. फोनच्या नकाशावर त्यांच्या जागा ठिपक्यांनी दिसतात. ठिपका धरून चालत जायचं, पण ठिपका नेतो तो फक्त जवळपास. शेवटचं शोधायचं ते आपल्याच डोळ्यांनी. डबा मिळाला की आतल्या कागदावर सही करायची. आतली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच तोलाची दुसरी ठेवायची. झाकण घट्ट लावून डबा होता तसा, होता तिथंच लपवायचा. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

"आणि मिळतं काय यात?" तिनं विचारलं.

"काही नाही. पण माणूस घराबाहेर पडतो."

तेवढं एक वाक्य ऐकून ही बाई घरी पळत आली.

नवऱ्याच्या फोनवर तिनं तो खेळ घालून दिला. आसपासचे ठिपके पाहून रंगाऱ्याचे डोळे जरा चमकले. "अरेच्चा, आपल्या गल्लीच्या मागेसुद्धा आहे की!" बायकोला वाटलं, मासा गळाला लागला. मग तिच्या मनात आलं, याच्या पायाला झेपेल एवढ्या अंतरावर आपणच एक डबा लपवावा, त्याला न सांगता. आणि तिनं वर बघितलं. फळीवर. माझ्याकडे.

मला विचारलं कुणी? साखर ओतली एका चेपलेल्या पत्र्याच्या डब्यात, आणि माझ्या पोटात भरल्या एक पेन्सिल, कागदाची सुरळी, शिट्टी, गोट्या आणि चष्मा पुसायचं फडकं. गुपित फक्त सासूला सांगितलं. पाण्याच्या टाकीच्या कुंपणभिंतीला मागच्या बाजूनं तळाशी एक कोनाडा आहे, त्यात मला सारलं आणि पुढे दगड लावला. नकाशावर माझा ठिपका उमटला, मालकिणीचं नाव मात्र टोपणनाव. झाले मी रानभरी.

आणि मग आली तुमची ती शोधणारी जमात! एका जोडप्यानं शिट्टी घेतली आणि बदल्यात ठेवलं काय, तर बसचं फाटकं तिकीट. एकानं झाकण असं वाकडं बसवलं की रात्रभर दव आत. एकाला टाकीपर्यंत गाडी आणता येईना म्हणून त्यानं कोनाड्याशी उभं राहून सरकारला शिव्या घातल्या. अरे, चालायचाच खेळ आहे ना हा? एक बाई तेवढी शहाणी. तिनं भिजलेला कागद उकलून वाळवला, सही केली, झाकण लावून दोनदा हलवून पाहिलं. तिच्यासारखे चार जरी आले असते तरी मी एवढी कावले नसते.

पण ज्याच्यासाठी मला घराबाहेर काढलं, तो कुठं होता? त्याचा हात मी ओळखते. नखाच्या कडेला रंगाची रेघ असलेला तो हात काही कोनाड्यात आला नाही.

घरी मात्र वेगळंच नाटक चाललं होतं. ते मला नंतर कळलं, आणि कळल्यापासून माझा पारा उतरलेला नाही. बायको दुकानातून आली की हा फोन पुढे करायचा. "आज बागेमागची सापडली." "आज पुलाखालची." फोनवर त्याच्या नावापुढे "सापडली, छान जागा, आभार" असं लिहिलेलं. सगळं खोटं! पलंगावर पडल्या पडल्या लिहिलेलं! त्या भोळीनं आनंदानं त्याला नवे बूट घेतले. यानं काय करावं? खिडकीतल्या कुंडीतली माती ओली करून बुटांच्या तळव्यांना फासली, वाळू दिली, थोडी खरवडली. नवं दार रंगानं जुनं दाखवणारा हात, बुटांना चालवलेलं दाखवायला त्याला कितीसा वेळ! कला अशी वापरली शहाण्यानं.

एक दिवस दुपारी म्हातारी तान्ह्या मुलाकडून लवकर सुटली. टाकीवरून येताना तिला माझी आठवण झाली. दगड बाजूला करून बघते तर मी चिखलानं माखलेली, झाकणाच्या खाचेत मुंग्या.

"अगंबाई! माझ्या घरची बरणी, आणि ही दशा? चार लोक उघडून बघतात, काय म्हणत असतील आम्हाला!"

खेळाचा नियम असा की डबा जागचा हलवायचा नाही. पण म्हातारीला घाणीपुढे कुठला नियम दिसतो? मला उचललं, पिशवीत घातलं, घरी आणलं. गरम पाणी, साबण, घासणी. आतल्या वस्तू फडक्यावर वाळत घातल्या आणि मला ओट्यावर उपडी ठेवलं. मुलगा आतल्या खोलीत झोपला असेल म्हणून तिनं हाक मारली नाही. तो झोपला नव्हता. फोनवर बोट फिरवत होता.

संध्याकाळी बायको आली. तिनं चप्पल काढायच्या आधी हा बाहेर येऊन म्हणाला, "आज ती टाकीजवळचीपण काढली बरं का!"

बायको जागच्या जागी थांबली. चेहरा असा उजळला की काय सांगू. "खरंच? टाकीजवळची?"

"मग! सकाळीच जाऊन आलो."

"कुठं होती?"

"भिंतीच्या मागे, दगडाआड." ते काय, आधीच्यांनी फोनवर लिहून ठेवलेलंच.

"सही केलीत? कागदावर?"

"केली की."

"केवढी होती हो?"

"असेल एवढीशी," म्हणत यानं बोटाची चिमूट दाखवली.

एवढीशी! ओट्यावर मी, एवढी मोठी, त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर उपडी पडलेली! मला तोंड होतं, पण ते खाली दाबलेलं.

तेवढ्यात म्हातारी मोरीतून हात पुसत आली. "अगं सूनबाई, तुझी ती टाकीजवळची बरणी आणली मी धुवायला. किती घाण गं! कागद बघ, वाळलाय की नाही."

बायकोनं फडक्यावरचा कागद उचलला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि नवऱ्यापुढे धरला.

"तुमच्यासाठी लपवली होती," ती म्हणाली. "येता-जाता वाट वाकडी करून बघायचे, तुमची सही आली का. मला वाटायचं, लांबलांबच्या शोधताय, ही जवळची कधीतरी सापडेलच."

रंगाऱ्यानं बुटांकडे बघितलं. म्हातारीनंही बघितलं, मग कुंडीकडे बघितलं, आणि तिला सगळं उमगलं. "मेल्या, माझ्या कुंडीतली माती!"

"मी जात नाही कारण..." रंगारी अडखळला. "जाईन गं. जाता येतं. पण अर्ध्यावर पाय आखडला तर परत कसा येऊ? रस्त्यात बसून राहू? लोक विचारणार, काय झालं, कुठं निघालास, शिडी चढतोस का अजून..."

"मग बसावं. बाकं काय शोभेला ठेवलीत?" म्हातारी म्हणाली. "दम गेला की उठावं. मी एवढी म्हातारी, बसत उठतच येते ना?"

इतक्यात बायकोचा फोन वाजला. कुणीतरी लिहिलं होतं, "दुसऱ्या गावाहून आलोय. टाकीजवळची बरणी मिळत नाही. अंधार पडेपर्यंत शोधतोय."

बायकोनं माझ्यात सगळं भरलं, झाकण लावलं, मला टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसली. "मी दिवसभर उभी होते. मी जाणार नाही."

"माझे तर गुडघे," म्हातारी म्हणाली.

रंगाऱ्यानं मला काखेत मारलं आणि काठी घेतली. दार आपटूनच बाहेर पडला. तो चिडलेला, मीही चिडलेली. एका बाकावर बसलो, उठलो. दुसऱ्यावर बसलो, तिथं पाय खरंच आखडला. हा कण्हत, चोळत, मला शिव्या देत राहिला. दे, म्हटलं, पण चाल. आणि ज्याला घाबरत होता तो प्रश्न आलाच. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं दारातून हाक मारली, "काय रंगारी, बरणी घेऊन कुठं?"

खरं सांगायची खेळात बंदी. "साखर आणायला," हा म्हणाला.

"बरं, बरं," म्हणून न्हावी परत गिऱ्हाइकाच्या दाढीला लागला. संपलं! एवढ्यासाठी हा माणूस घरात कुजत पडला होता!

टाकीपाशी एक पोक्त बाई आणि तिचा भाऊ गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होते. "तुम्हीपण शोधताय?" बाईनं विचारलं.

"नाही. उशीर झाला, माफ करा. ही घ्या." त्यांनी सही केली. मग रंगाऱ्यानं केली. मला कोनाड्यात सारून तो भिंतीला हात टेकून उठला, आणि रंगाचा पापुद्रा त्याच्या तळव्याला चिकटून आला.

"कुणी केलंय हे? ओल्या भिंतीवर रंग मारलाय! खरवडलंसुद्धा नाही!"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मला बघायला नव्हे हो, भिंतीला शिव्या द्यायला. तिसऱ्या दिवशी खरवडणी घेऊन आला. रोज येऊन एवढी बडबड करायचा की शेवटी टाकीचा रखवालदार वैतागला. "एवढं कळतंय तर साहेबांना सांगून तुम्हालाच काम देतो. पण तोंड बंद ठेवा."

आता भिंतीला खालून रंग चढतोय आणि माझ्या झाकणावर पांढरे शिंतोडे पडतायत. धुवायला म्हातारी आहेच, पण तिला आता कोनाड्यातच येऊन धुवायला बजावलंय. माझा राग गेलाय असं समजू नका. या छंदाला लागणाऱ्या सगळ्यांना सांगते: मला शोधायला या, नाही सापडले तर नाही सापडले म्हणून खुशाल लिहा, झाकण सरळ लावा. पण घरी लोळत मला सापडल्याचं लिहाल तर याद राखा. कुणीतरी त्या सहीची वाट बघत असतं.

आज सकाळी भिंतीचा वरचा भाग करायचा होता. बायको दुकानात जाण्याआधी आली. तिनं दोन्ही हातांनी शिडी धरली, पाय रोवले, आणि रंगारी चढला. एक पायरी, थांबला. आणखी एक. वर पोचून त्यानं ब्रश बुडवला, पहिला हात मारला आणि खाली न बघताच म्हणाला, "सोड आता. दुकानाला उशीर होईल तुला."

आणि तिनं शिडी सोडली.