बॅनरवरचा सुयश

“आत्महत्या हा शब्द काढून टाका,” स्क्रीनवरच्या बॅनरकडे बोट दाखवत व्यंकटराव म्हणाले. “फार अंगावर येतो. त्याऐवजी ‘जीवन सुंदर आहे’ टाका. मागे उगवता सूर्य घ्या.”

रूपाने माऊसवरचा हात काढून घेतला. “सर, कार्यक्रमच आत्महत्या रोखण्याबद्दल आहे ना?”

“आहे. पण लोकांना बरं वाटलं पाहिजे.”

व्यंकटराव निवृत्त प्राध्यापक. एका कॉलेजात जनजागृतीचा कार्यक्रम घेणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. माणूस सभ्य, आवाजही कधी न चढवणारा. त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येईना. रूपाने केलेल्या बॅनरवर एका तरुणाचं चित्र होतं. गालावर खळी, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. खाली ओळ होती, ‘आमचा सुयश आत्महत्येने गेला. तुमच्या घरात कुणी गप्प गप्प असेल, तर आज त्याच्याजवळ बसा. विचारा.’ खरं नाव घातलं तर घराण्याची बदनामी होते, असं व्यंकटरावांनी समजावून सांगितलं आणि चित्राच्या जागी पाहुण्यांचे फोटो लावायला सांगितले. फ्लेक्सच्या दुकानाचे मालक बद्रीनाथशेठ मागूनच म्हणाले, गिऱ्हाईक म्हणतंय तसं कर. तिने उगवता सूर्य टाकला.

सुयश तिचा धाकटा भाऊ. वाळूजच्या कंपनीत कामाला होता. एका रात्री सगळ्यांना हसवत जेवला आणि सकाळी नव्हता. का, ते वर्षभर शोधूनही कुणाला कळलं नाही. श्रद्धांजलीचा फ्लेक्स रूपानेच केला होता. ‘हृदयविकाराच्या झटक्याने’ हे शब्द वडिलांनी, कडुबांनी सांगितले आणि तिने टाइप केले. त्यानंतर घरात त्याचं नाव निघणं बंद झालं. आई केसरबाई भाकऱ्या थापताना डोळे पुसायची, कुणी विचारलं की धूर म्हणायची. दुकानात गिऱ्हाईक नसलं की रूपा कॉम्प्युटरवर भावाचं चित्र काढत बसायची. खळी जमायला महिने गेले. ती जमली त्या दिवशी कितीतरी दिवसांनी तिला पोटभर जेवण गेलं.

त्या संध्याकाळी शेठची परवानगी घेऊन फ्लेक्सच्या उरलेल्या तुकड्यावर तिने आपला मूळ बॅनर छापला. मुकुंदवाडीत, आपल्याच घराच्या भिंतीवर बांधला. अंधार पडायच्या आत कडुबांनी तो सोडला.

“गल्लीला तमाशा दावायचा व्हय?”

“तमाशा नाय अण्णा. खरं हाय ते.”

“खरं हाय म्हणून भिंतीवर टांगायचं?” त्यांनी बॅनरची घडी घालून ती पलंगाखाली सरकवली. रूपा न जेवता झोपली.

दुसऱ्या दिवशी ती कार्यक्रमाला गेली, बॅनरवरच्या सूर्याखाली बसली. पाहुण्यांनी जिद्दीवर भाषणं केली. समोरची पोरं मोबाइल बघत होती. तो एक शब्द कुणी उच्चारला नाही. चहाच्या वेळी व्यंकटरावांनी तिला बोलावून बॅनरचं कौतुक केलं, तेव्हा तिला तो टराटरा फाडावासा वाटला. ती नुसती ‘येते सर’ म्हणाली.

घरी आली तर ओट्यावर शेजारच्या मनकर्णाबाई बसलेल्या. काल खाली उतरवण्याआधी त्यांनी बॅनर वाचला होता. त्यांचा थोरला माऊली कामावर जाईना, कुणाशी बोलेना. मी नसतो तर बरं झालं असतं, असं परवा म्हणाला होता. मस्करी समजून आपण हसलो, हे सांगताना त्या रडू लागल्या.

“कडुबाभाऊ, मी काय करू?”

कडुबा त्यांच्यासमोर खाली बसले. मग म्हणाले, “आमचं पोरगं झटक्यानं नाय गेलं, वहिनी. त्यानं सोताला संपवलं. तुम्ही आज माऊलीला एकटं सोडू नका. मी येतो. सकाळी घाटी दवाखान्यात नेऊ, डॉक्टरला दावू.”

आतून केसरबाईंचा हुंदका ऐकू आला. कडुबा चप्पल घालून निघाले. रूपा उंबऱ्यातच थांबली. तिला बरं वाटायला हवं होतं, पण रागच आला. एवढं सोपं होतं, तर वर्षभर तिच्याशी का नाही बोलले? काल भिंतीवरचा बॅनर का काढला? हेच विचारायचं ठरवून ती त्यांच्या मागोमाग शेजारी गेली.

माऊली बाजेवर गुडघे जवळ घेऊन बसला होता. शेजारी कडुबा बसले होते.

“आमच्या सुयशला मी कधी विचारलंच नाय,” ते हळू आवाजात सांगत होते. “तुला विचारतो. सांग, नायतर नको सांगू. मी बसलोय हितं.”

माऊलीने गुडघे आणखी जवळ ओढले. पण उठून गेला नाही.

रूपा दाराशी उभी राहिली. विचारायचं ते ओठांपर्यंत येऊन राहिलं. कडुबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. फक्त बाजेवर थोडं सरकले आणि तिच्यापुरती जागा केली.